प्रतिकूल हवामानात धावण्याचा नेम कसा टिकवावा?

पाऊलवाट

नमस्कार. मी आठवड्यातील बहुतेक दिवस धावते आणि अर्धमॅरेथॉन समाधानकारक वेळेत पूर्ण करण्याइतकी माझी तयारी आहे. हवा अनुकूल असते त्या महिन्यांत हा नेम विनासायास चालतो. अडचण येते ती ऋतू टोकाला गेल्यावर. कडक उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी बाहेर पडूनही, नेहमीचा वेग धरला की हृदयाचे ठोके पहिल्या काही किलोमीटरमध्येच इतके वाढतात की उरलेले अंतर चालत पूर्ण करावे लागते. पावसाच्या दिवसांत बूट वाळत नाहीत आणि पायाखालच्या रस्त्याचा भरवसा राहत नाही. थंडीत काळोख आणि वारा एकत्र आले की घराबाहेर पाऊल टाकणे हेच मोठे काम वाटू लागते. अशा वेळी एक दिवस चुकतो, मग दुसरा, आणि हवा निवळेपर्यंत कष्टाने मिळवलेल्या तयारीचा बराच भाग हातून गेलेला असतो. दर वर्षी पुन्हा मागे जाऊन सुरुवात करण्याची माझी इच्छा नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मला प्रामुख्याने तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. उन्हाळ्यात मंदावलेला वेग हे माझी क्षमता घटल्याचे लक्षण मानावे का, आणि तसे नसेल तर त्या काळात वेग कशावरून ठरवावा? संपूर्ण वेळापत्रक पाळणे शक्य नसेल तेव्हा कमीत कमी किती आणि कोणत्या प्रकारचा सराव राखला म्हणजे तयारी टिकून राहते? आणि शेवटची, माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट अशी की, 'आज धावायला जायचे नाही' हा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा? दाराशी उभी असताना मनात आलेली शंका ही सावधगिरी आहे की आळस आहे, हे मला त्या क्षणी ओळखता येत नाही. अनुभवी धावकांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

संथगती

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे, आणि ते का, हे एकदा नीट समजले की उन्हाळ्यातील निम्मी निराशा दूर होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. सपाट रस्त्यावर धावण्यासाठी प्रत्येक किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १० किलोमीटर धावायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतील आणि त्यांपैकी ४५० किलोकॅलरींची निव्वळ उष्णता होईल. एवढी उष्णता शरीरातच साठून राहिली तर शरीराचे तापमान जवळजवळ ९ अंश सेल्सिअसने वाढेल, जे कोणालाही सोसणारे नाही. त्यामुळे ती धावता धावताच बाहेर टाकावी लागते. हवा थंड असते तेव्हा त्यातील मोठा वाटा अंगावरून वाहणारी हवाच घेऊन जाते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाजवळ, म्हणजे ३३ ते ३५ अंशांच्या आसपास पोहोचले की तो मार्ग जवळपास बंद होतो आणि सगळा भार घामावर येऊन पडतो. १ लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते, म्हणजे वरच्या उदाहरणात पाऊण लिटरहून थोडा अधिक घाम पूर्णपणे वाळला पाहिजे. जो घाम न वाळता अंगावरून ओघळून जमिनीवर पडतो, तो शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो, परंतु गारवा मुळीच देत नाही.

तुम्ही सूर्योदयापूर्वी धावता, तरीही त्रास होतो, याचे कारण बहुधा येथेच असावे. पहाटे तापमान दिवसभरातील सर्वांत कमी असते हे खरे, पण सापेक्ष आर्द्रता त्याच सुमारास सर्वांत जास्त असते, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपमध्ये केवळ तापमान न पाहता दवबिंदूही, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडाही, पाहावा, कारण हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे हे त्यावरून कळते. तो १५ अंशांच्या खाली असेल तर घाम व्यवस्थित वाळतो, २० च्या पुढे गेला की धावणे स्पष्टपणे जड वाटू लागते, आणि २४ च्या पुढे असेल त्या दिवशी वेगाचा सराव ठेवूच नये, असे मी मानतो. खेळाडू आणि सैनिक यांच्यासाठी 'वेट बल्ब ग्लोब तापमान' नावाचे मापन वापरले जाते. ते १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करी प्रशिक्षणार्थींना उष्माघातापासून वाचवण्यासाठी तयार झाले. उघड्यावरील मापनात ७० टक्के भार ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला आणि केवळ १० टक्के भार साध्या तापमापकाला दिला जातो. ज्या आकड्याकडे पाहून आपण रोज निर्णय घेतो, त्याला या सूत्रात किती थोडे महत्त्व आहे, याची नोंद घ्यावी. अ‍ॅपमधील 'जाणवणारे तापमान' हेही सावलीत, सावकाश चालणाऱ्या माणसासाठी काढलेले असते, धावणाऱ्यासाठी नव्हे.

आता हृदयाच्या ठोक्यांविषयी. उष्म्यात रक्ताला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: स्नायूंना प्राणवायू पोहोचवणे आणि शरीराच्या आतील उष्णता त्वचेपर्यंत आणणे. त्यातच घामामुळे रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलले जाते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. जगातील सर्वोत्तम धावकांनाही हा हिशेब चुकवता येत नाही. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्रीच्या सुमारास सुरू केली, तरी तापमान ३० अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक होती. ६८ धावकांपैकी केवळ ४० जणींनी ती पूर्ण केली. विजेत्या रूथ चेपनगेटिच यांना २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत दुबईमध्ये त्यांनी हेच अंतर २ तास १७ मिनिटे ८ सेकंदांत पार केले होते. त्यांची क्षमता आठ महिन्यांत ढासळली होती असे कोणी म्हणणार नाही.

त्यामुळे या दिवसांत वेग हे लक्ष्य न ठेवता श्रम हे लक्ष्य ठेवावे. घड्याळावरील वेगाचा आकडा झाकून टाकावा, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच श्रमाने धावावे, आणि किलोमीटरऐवजी मिनिटे मोजावीत. ५० मिनिटांच्या धावण्यात नेहमीपेक्षा एखादा किलोमीटर कमी पडला, तरी हृदयाला आणि स्नायूंना मिळालेला व्यायाम तेवढाच असतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीर उष्म्याला सरावते, आणि फार लवकर सरावते. रोज तासाभराचा हलका व्यायाम उष्म्यात केला तर साधारण १० ते १४ दिवसांत बहुतेक बदल घडून येतात: पहिल्याच आठवड्यात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातून जाणारे मिठाचे प्रमाण घटते, आणि त्याच वेगाला ठोके कमी पडतात. हे बदल सराव थांबल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. याचा अर्थ असा की उन्हाळ्याचे पहिले दोन आठवडे, जेव्हा धावणे सर्वांत नकोसे वाटते आणि बहुतेक जण खंड पाडतात, तेच या ऋतूतील सर्वांत मोलाचे दिवस असतात. त्या दिवसांत अंतर निम्मे करावे, वेग सोडून द्यावा, पण शक्य तितके दिवस बाहेर पडावे.

पाण्याविषयी एवढेच सांगतो की, तहान हा चांगला मार्गदर्शक आहे. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करून पाहावे; १ किलोची घट म्हणजे साधारण १ लिटर घाम. वजन वाढलेले आढळले तर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालो, असे समजावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली घटलेले आढळले होते आणि त्याचा संबंध शर्यतीदरम्यान वाढलेल्या वजनाशी दिसून आला होता. जितके जास्त प्यावे तितके चांगले, हा समज सोडून द्यायला हवा.

नित्यनेम

संथगती यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या मते संपूर्ण वेळापत्रक पाळणे किंवा काहीच न करणे, एवढेच दोन पर्याय डोळ्यांसमोर ठेवल्यामुळेच बहुतेकांचा नेम मोडतो.

पूर्ण थांबल्यावर काय होते, हे १९८४ मध्ये एडवर्ड कॉईल आणि सहकाऱ्यांनी कसून सराव केलेल्या खेळाडूंवर तपासले होते. पहिल्या २१ दिवसांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि पुढे ती १६ टक्के घटीवर जाऊन स्थिरावली. म्हणजे तीन-चार दिवसांच्या खंडाने काहीच बिघडत नाही, मात्र तीन आठवड्यांच्या खंडाने निश्चितपणे बिघडते. याच काळात रॉबर्ट हिक्सन यांनी नेमके तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणारे प्रयोग केले. त्यांनी काही जणांना १० आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, रोज ४० मिनिटे कठोर सराव दिला आणि नंतर १५ आठवडे तो वेगवेगळ्या प्रकारे कमी करून पाहिला. सहाऐवजी दोनच दिवस सराव ठेवला, तरी कमाल क्षमता टिकून राहिली. दिवस तेवढेच ठेवून ४० मिनिटांची १३ मिनिटे केली, तरीही ती टिकली, जरी दीर्घकाळ तग धरण्याची शक्ती त्या गटात थोडी घटली. पण दिवस आणि मिनिटे कायम ठेवून श्रमाची तीव्रता एक तृतीयांशाने कमी केली, तेव्हा मात्र क्षमता घसरली.

यातून माझ्यासाठी निघालेला व्यवहार असा आहे. प्रतिकूल महिन्यांत अंतर आणि दिवस निःसंकोच कमी करावेत, पण आठवड्यातून एक किंवा दोन वेळा, हवा सर्वांत अनुकूल असेल तो दिवस निवडून, थोडा वेळ का होईना, जोरकस सराव करावा. आठवड्याच्या सुरुवातीला अंदाज पाहून तो दिवस ठरवावा आणि बाकीचे दिवस हलके ठेवावेत. वेगाचा सराव अमुक वारीच झाला पाहिजे, हा आग्रह चांगल्या हवेत शोभतो. वादळी आठवड्यात तोच आग्रह सगळा आठवडा वाया घालवतो. उष्म्यात हा सराव बाहेर करणे इष्ट नसेल तर जिन्यावर, सायकलवर किंवा ट्रेडमिलवर करावा, कारण हृदयाच्या दृष्टीने श्रम हे श्रमच असतात.

दुसरी बाजू सवयीची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ व्यक्तीनुसार १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा आढळला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादी संधी चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडत नाही. एक दिवस चुकला म्हणून स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची वेळ पाळणे अधिक उपयोगाचे आहे. म्हणूनच मी नेम अंतराचा न धरता वेळेचा धरते. ठरलेल्या वेळी बूट घालणे ही गोष्ट बदलत नाही. त्यानंतर काय करायचे हे हवा ठरवते. ते कधी पूर्ण धावणे असते, कधी १५ मिनिटांचे, आणि कधी घरातच पायांच्या आणि पोटाच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम. ती वेळ मात्र दुसऱ्या कोणत्याही कामाला द्यायची नाही.

वारापाऊस

थंडी आणि पाऊस यांविषयी मी लिहितो, कारण तो भाग राहिला आहे. केवळ थंडी ही धावण्यासाठी वाईट हवा नाही. लांब अंतराची उत्तम धाव बहुधा १० अंशांच्या आसपासच होते, आणि शून्याखालीही योग्य कपड्यांनिशी धावता येते. जपानचे युकी कावाउची १ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील मार्शफील्ड येथे उणे १७ अंशांच्या आसपासच्या थंडीत मॅरेथॉन धावले आणि ती पूर्ण करणारे ते एकटेच होते. साडेतीन महिन्यांनी त्यांनी मुसळधार गार पावसात आणि समोरून येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यात बोस्टन मॅरेथॉन जिंकली, जिथे अनेक नामवंत धावकांना माघार घ्यावी लागली. त्या वेळी ते व्यावसायिक धावक नव्हते; पूर्ण वेळ सरकारी नोकरी सांभाळून ते सराव करत. अशा हवेची सवय असणे हीच त्या दिवशी त्यांची मोठी जमेची बाजू ठरली, असे मला मनापासून वाटते.

खरा धोका असतो तो थंडी, ओलावा आणि वारा या तिघांच्या एकत्र येण्यात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते, त्यामुळे शून्याच्या वरचे तापमानही भिजलेल्या आणि थकलेल्या माणसासाठी प्राणघातक ठरू शकते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा अचानक सुरू झाला आणि १७२ धावकांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला. महिना मे होता आणि अनेकांच्या अंगावर उन्हाळी, हलके कपडे होते. त्यांच्यात अतिशय कसलेले धावक होते. तयारीची उणीव नव्हती. ज्याला डोंगरावर किंवा वस्तीपासून दूर धावायचे आहे, त्याने वारा अडवणारे हलके जॅकेट आणि फोन, आकाश कितीही निरभ्र असले तरी, सोबत ठेवलाच पाहिजे.

रोजच्या धावण्यासाठी मी पुढील गोष्टी पाळतो. बाहेर आहे त्यापेक्षा तापमान साधारण १० अंशांनी जास्त आहे असे समजून कपडे घालावेत. पहिली पाच-सात मिनिटे थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत. अंगालगत सुती कापड मुळीच नको, कारण ते घाम धरून ठेवते. घाम बाहेर सोडणारे कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे कापड घ्यावे, त्यावर गरजेनुसार उबेचा थर आणि सर्वांत वर वारा अडवणारा थर. सुरुवात वाऱ्याच्या दिशेने तोंड करून करावी आणि परतताना वारा पाठीवर घ्यावा, म्हणजे घामाने भिजलेल्या अंगावर समोरून वारा झोंबत नाही. जाणवणारे तापमान वाऱ्याने किती बदलते याचे एक उदाहरण म्हणजे, उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखे लागते. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघड्या त्वचेला अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो, तेव्हा कान, नाक आणि बोटे झाकावीत किंवा घरातच थांबावे. कोरड्या थंड हवेने ज्यांची छाती आखडते किंवा ज्यांना दमा आहे, त्यांनी घरात अंग पुरेसे गरम करून, तोंडावर पातळ कापड घेऊन निघावे आणि आपले औषध जवळ ठेवावे. बर्फाळ रस्त्यावर पावले आखूड टाकावीत, आणि बुटांवर चढवायची खिळ्यांची जाळी मिळते ती जरूर वापरावी.

पावसात धावायला हरकत नाही, विजा चमकत असताना मात्र कधीही धावू नये. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर आणखी ३० मिनिटे थांबावे. झाडाखाली उभे राहू नये. साचलेल्या पाण्यातून धावणेही टाळावे, कारण खालचा खड्डा किंवा उघडे झाकण दिसत नाही. बुटांचे म्हणाल तर दोन जोड आलटून पालटून वापरणे हाच खरा उपाय आहे. आतला सुटा तळवा काढून वेगळा ठेवावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने ते बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास तळव्याचा गोंद सुटतो. भिजलेले कपडे जिथे घासतात, म्हणजे काखा, मांड्या, छाती, तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावावी, नाहीतर त्वचा सोलवटून पुढचे दोन-तीन दिवस वाया जातात.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. दवबिंदूकडे मी आजवर लक्षच दिले नव्हते, आणि आठवड्यातून दोनच दिवस जोर ठेवून तयारी टिकते हे वाचून फार दिलासा मिळाला. नित्यनेम यांना एक विचारायचे आहे. काही जण एकही दिवस न चुकवता वर्षानुवर्षे धावतात. इंग्लंडचे रॉन हिल डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत रोज किमान एक मैल धावले, असे मी वाचले आहे. असे व्रत घेतले तर निर्णयाचा प्रश्नच उरत नाही, हा विचार मला आकर्षक वाटतो. तुम्ही तो सुचवाल का? आणि तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे न जाण्याच्या निर्णयावर, कोणी लिहिले तर बरे होईल.

नित्यनेम

रॉन हिल यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. तरीही असे व्रत मी सुचवणार नाही, कारण साखळी लांबत जाते तशी ती तुटण्याची भीती वाढते, आणि ताप असताना, पायाला सूज असताना किंवा विजा कडाडत असताना बाहेर पडायला तीच भीती भाग पाडते. हिल यांनीही अखेरीस धावताना छातीत दुखू लागल्यावर ती साखळी स्वतःहून थांबवली. तुम्हाला अखंडता हवीच असेल तर ती ठरलेल्या वेळी व्यायामाला उभे राहण्याची ठेवा. रस्त्यावर धावण्याची ठेवू नका.

सावधपाऊल

तिसऱ्या प्रश्नाविषयी माझे स्पष्ट मत आहे की, तो निर्णय दाराशी उभे राहून घ्यायचाच नाही. त्या क्षणी मन दोन्ही बाजूंनी कारणे शोधू शकते, म्हणून निकष आदल्या दिवशी, शांतपणे, लिहून ठेवावेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 'असे झाले तर मी तसे करेन' या स्वरूपाच्या पूर्वनियोजनाचा अभ्यास केला आहे आणि नुसत्या इच्छेपेक्षा अशा योजना प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते, हे त्यातून दिसते. दवबिंदू २४ च्या वर असेल तर फक्त अर्धा तास आणि हलके. विजांचा इशारा असेल तर घरातला व्यायाम. रस्त्यावर बर्फाचा थर असेल तर ट्रेडमिल. नुसता पाऊस, नुसती थंडी किंवा नुसता काळोख असेल तर टोपी, जॅकेट, दिवा घेऊन बाहेर, अशी यादी भिंतीवर लावावी. यादीत नसलेले कारण मनात आले तर बूट घालून १० मिनिटे धावून पाहावे आणि मगच परत फिरावे की नाही ते ठरवावे. आळस असेल तर तो बहुधा या १० मिनिटांत निघून जातो. खरा थकवा किंवा आजार असेल तर तो वाढतो.

काही बाबतींत मात्र ही १० मिनिटांची परीक्षाही घेऊ नये. ताप, जुलाब, उलट्या, किंवा रात्रभर झोप न झालेली असताना उष्म्यात धावू नये. अ‍ॅलर्जीची काही औषधे, लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे आणि रक्तदाबासाठीची बीटा ब्लॉकर औषधे यांमुळे शरीराची थंड होण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून ती घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. हवेची गुणवत्ता अतिशय खराब असेल त्या दिवशीही बाहेर धावू नये, कारण विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेणारी फुप्फुसे धावताना त्याच्या दहापट हवा ओढून घेतात, तीही बरीचशी तोंडावाटे, नाकाच्या गाळणीतून न जाता.

सोबत धावणाऱ्या प्रत्येकाला उष्माघाताची लक्षणे माहीत असलीच पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. गरगरणे, मळमळ, डोके दुखणे, एकाएकी अंगावर काटा येणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी थांबून सावली गाठावी. एखादा धावक असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर त्याच्या शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले असू शकते, आणि त्या स्थितीत एकेक मिनिट मोलाचे असते. अंग घामाने ओले आहे म्हणून हा उष्माघात नव्हे, असे समजू नये. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येण्याची वाट न पाहता त्याला ताबडतोब थंड करावे. शक्य असेल तर डोके बाहेर ठेवून, आधार देऊन, बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवावे. ते शक्य नसेल तर सर्वांगावर सतत थंड पाणी ओतत, ओली कापडे बदलत, वारा घालावा. आधी थंड करणे आणि मग हलवणे, हा क्रम वैद्यकीय पथकेही पाळतात. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नये.

ट्रेडमिलचा उल्लेख वर दोनदा आला आहे, म्हणून शेवटी तेवढे लिहितो. बाहेर हवेचा जो अडथळा असतो तो ट्रेडमिलवर नसतो, त्यामुळे जलद धावताना पट्ट्याला १ टक्का चढ द्यावा; सावकाश धावणाऱ्यांना त्याची फारशी गरज नाही. मात्र आपण जागच्या जागी धावत असल्याने अंगावरून हवाही वाहत नाही, आणि बंद खोलीत घाम वाळेनासा होतो. समोर मोठा पंखा ठेवल्याशिवाय ट्रेडमिलवर वेगाचा सराव करू नये. तो छातीच्या उंचीवर, अंगावर थेट झोत येईल असा असावा.